लिलावात घेतलेला कॅमेरा परत होतो का?

ताई, नमस्कार. मी चाळीसगावचा, शाळेत क्लार्क आहे. आमच्या नानांचा स्टेशनकडे फोटो स्टुडिओ होता. तो बंद पडला तेव्हा त्यांनी त्यांचा डबल लेन्सचा यशिका डी विकला. पुढच्या महिन्यात नानांना ७५ वर्षं पूर्ण होतात, म्हणून मी एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर तसाच कॅमेरा बोली लावून घेतला. बोली ४,००० पासून सुरू झाली. शेवटच्या काही मिनिटांत एकच जण चढवत राहिला आणि १४,५०० ला कॅमेरा माझा झाला. पैसे साइटवरच यूपीआयने भरले. वर्णनात ‘चालू स्थितीत, लेन्स स्वच्छ, मूळ कातडी केससह’ असं होतं आणि खाली ‘जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही’ असंही. पार्सल आलं आणि आम्ही पाचोऱ्याला लग्नाला गेलो. नीट पाहिलं ते नंतर. लेन्समध्ये जाळं दिसतं, एक सेकंदावर शटर उघडंच राहतं, केसचा पट्टा तुटका आहे, कातडं फिकट पडलंय. विक्रेता म्हणतो, बुरशी तुमच्याकडे आल्यावर धरली असेल, तरी २,००० परत देतो, चांगला शेरा द्या, साइटवर तक्रार करू नका, व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवतो. मेहुणे म्हणतात, लिलावात घेतलं ते घेतलं. मोबाइल दुरुस्तीवाला मित्र म्हणतो, आण, लेन्स खोलून पुसून देतो. पार्सल येऊन बारा दिवस झाले. नानांना अजून काही बोललो नाही. काय करू?
— एक वाचक, चाळीसगाव

भाऊ,

आधी त्या मोबाइलवाल्या मित्राला फोन करा आणि सांगा की कॅमेरा आणत नाही. त्याचा हेतू चांगला असेल, पण लेन्सच्या कड्यावर पेचकसाचा एक ओरखडा उमटला की विक्रेत्याला उत्तर आयतं मिळेल: तुम्हीच खोलला, तुम्हीच बिघडवला. परत करायची वस्तू पुसायचीसुद्धा नाही. आली तशी, आलेल्याच खोक्यात, आलेल्याच कागदासकट ठेवा. खोकं फेकलं असेल तर घरातल्यांना विचारा. रद्दीवाला अजून आला नसेल तर नशीब.

आता मेहुण्यांचं. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. त्यांच्या डोळ्यासमोर बाजार समितीचा हर्रास असणार. तिथे व्यापारी ढिगात हात घालतो, दाणा दाताखाली धरतो, मगच आकडा बोलतो. बघून घेतलंय, तर मागून कुरकुर कशाला? पण त्याच बाजारात वरचा माल एक आणि पोत्याच्या तळाशी दुसरा निघाला, तर व्यापारी गप्प बसतो का? काट्यावरच हाक मारतो आणि भाव मोडतो. तुम्ही तर ढिगात हातही घातलेला नव्हता. तुमच्या हाताऐवजी होते फक्त विक्रेत्याचे फोटो आणि त्याची ती एक ओळ: चालू स्थितीत, लेन्स स्वच्छ, मूळ कातडी केससह. तुम्ही १४,५०० रुपये त्या ओळीला दिले आहेत. त्यामुळे पुढे जे काही बोलायचं, लिहायचं, भांडायचं ते त्या ओळीला धरून. आणि हर्रासातली दुसरी गोष्टही लक्षात घ्या: तक्रार काट्यावर होते, माल घरी नेऊन बारा दिवसांनी नाही.

कायदाही साधारण असंच सांगतो. १९३० चा माल विक्री कायदा अजून लागू आहे आणि त्याचं कलम १५ म्हणतं की वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे. लिलावासाठी त्यात वेगळं कलम आहे, ६४ वं, पण लिलाव झाला म्हणून वर्णनाची जबाबदारी सुटते असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. ‘जसा आहे तसा’ या शब्दांना वजन आहे, नाही असं नाही. जुन्या वस्तूवरचे चरे, उडालेला रंग, वयाने आलेला ढिलेपणा त्यात झाकला जातो. पण एकीकडे ‘लेन्स स्वच्छ’ म्हणायचं आणि दुसरीकडे ‘जसा आहे तसा’ म्हणून हात झटकायचे, हे दोन्ही एकाच विक्रेत्याला एकाच वेळी करता येत नाही. शिवाय ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की साइटवरून विकणाऱ्याने सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार द्यायचा नाही.

त्यात एक फट आहे, ती आधीच तपासा. हे ई-कॉमर्स नियम धंदा करणाऱ्यासाठी आहेत. कुणी घरातला एकच जुना कॅमेरा माळ्यावरून काढून विकला असेल, तर त्याला ते लागू होत नाहीत. तेव्हा या विक्रेत्याच्या पानावर जा आणि बघा, आणखी काय काय विकायला ठेवलंय. दहा कॅमेरे, पाच घड्याळं, दोन ग्रामोफोन असतील तर तो दुकानदारच आहे, दुकान दिसत नाही इतकंच. त्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ताच घ्या. आणि तो खरोखरच एकट-दुकट विकणारा निघाला तरी निराश होऊ नका, कलम १५ त्यालाही सुटलेलं नाही.

आता तुमच्या तक्रारी. चार सांगितल्यात आणि त्यातल्या दोन मी काढून टाकणार आहे. कातडं फिकट आहे, हे सोडा. इतक्या जुन्या कॅमेऱ्याचं कातडं फिकट असणारच, आणि वर्णनात ‘नव्यासारखं’ असं कुठे म्हटलेलं नाही. पट्टा तुटका आहे, तोही सोडा. केस मूळ आहे असं तो म्हणाला, पट्टा धड आहे असं नाही म्हणाला. तुम्हाला वाटेल की जितकी कलमं जास्त तितकी बाजू भक्कम. होतं उलटंच. विक्रेता चारांतली सगळ्यात लेची तक्रार उचलतो, तिच्यावरच घोळ घालत बसतो आणि बाकीच्या तीन हवेत राहतात. उरल्या दोन: लेन्समधलं जाळं आणि अडकणारं शटर. ‘लेन्स स्वच्छ’ आणि ‘चालू स्थितीत’, या दोन शब्दांना त्या थेट भिडतात. पुरेशा आहेत.

त्यांचा पुरावा घरीच होतो, अर्ध्या तासाचं काम. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. शटरचा वेग ‘बी’ वर ठेवा, लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र पूर्ण उघडं करा, म्हणजे आकडा ३.५ वर. शटर चढवा आणि बटण दाबून धरा, की खालची लेन्स आरपार दिसते. फोटो तीच काढते, वरची नुसती बघायची. मागून मोबाइलचा टॉर्च जरा तिरका धरा आणि पुढून दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या. समोरून सरळ उजेड टाकला तर काच झकास दिसते. उजेड मागून आणि तिरका आला की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे काठाकडून आत सरकलेले उठून दिसतात. विक्रेत्याच्या फोटोंत ते का दिसले नाहीत याचं उत्तर बहुधा एवढंच आहे. कदाचित त्याने मुद्दाम लपवलं असेल, कदाचित त्यालाही माहीत नसेल. तुमच्या दाव्याला त्याने फरक पडत नाही, त्यामुळे ‘तू चोर आहेस’ हे वाक्य तुमच्या संदेशात कुठेही नको.

शटरचा व्हिडिओ घ्या. वेग एक सेकंदावर, शटर चढवा, दाबा, आणि मागे घड्याळाचा सेकंदकाटा दिसू द्या. मग तेच १/५०० वर. जुन्या शटरमधलं तेल सुकून घट्ट झालं की संथ वेग आधी अडकतात, जलद वेग चालतात. विक्रेत्याने जलद वेगावर खटकन वाजवून ‘चालू’ लिहिलं असणं शक्य आहे. पण एक सेकंदावर उघडं राहणारं शटर चालू म्हणवत नाही. एक काळजी घ्या: हे दोन-तीनदाच करा, आणि अडलं तर जोर लावू नका.

बुरशी तुमच्याकडे धरली, हा त्याचा दावा मात्र मला फार आवडला. बुरशीला दमट हवा लागते, अंधार लागतो आणि पुष्कळ वेळ लागतो. आपल्याकडे या दिवसांत पारा बेचाळीसच्या वर, दुपारी अंगणात टाकलेलं धुणं वळायच्या आत वाळतं, आणि बारा दिवसांत लेन्सच्या आत जाळं विणलं गेलं? पार्सल आल्याची तारीख साइटवर आहे, बाकी उत्तर चाळीसगावचं ऊन देईल. हे एका वाक्यात लिहा, टोमणा मारू नका. टोमणा मी मारून घेतला.

आता संदेश. तो साइटच्या आतल्या निरोपाच्या खिडकीतच जायला हवा, व्हॉट्सॲपवर नाही, कारण उद्या साइट तिच्या आतलंच वाचेल. साधारण असा:

‘आपल्याकडून घेतलेला यशिका डी कॅमेरा अमुक तारखेला मिळाला. आपल्या वर्णनात “चालू स्थितीत, लेन्स स्वच्छ” असे लिहिले होते. प्रत्यक्षात खालच्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे आहे आणि एक सेकंदाच्या वेगावर शटर बंद होत नाही. फोटो व व्हिडिओ सोबत आहेत. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे मी ती नाकारत आहे. कॅमेरा उघडलेला किंवा दुरुस्त केलेला नाही. १४,५०० रुपये आणि मूळ पाठवणी खर्च परत करावा. कॅमेरा परत पाठवण्याचा पत्ता कळवावा. तो खर्च आपण करावा. तीन दिवसांत उत्तर न आल्यास साइटकडे दावा दाखल करेन.’

विक्रेता मराठी वाचणारा नसेल तर हेच हिंदीत. यातलं ‘नाकारत आहे’ हे क्रियापद गाळू नका. त्याच माल विक्री कायद्याचं कलम ४२ म्हणतं की वस्तू वाजवी काळ ठेवून घेतली आणि नाकारल्याचं कळवलं नाही, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. वाजवी म्हणजे किती हे आकड्यात लिहिलेलं नाही. बारा दिवस आणि मध्ये एक लग्न, हे चालून जावं. पण आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, बहिणी माहेरी येतील, घर भरेल, आणि बघता बघता महिना उलटेल. संदेश आज रात्रीच जाऊ द्या. कलम ४३ तुमच्या बाजूचं आहे: वेगळं ठरलेलं नसेल तर नाकारलेली वस्तू परत नेऊन पोचवायची सक्ती खरेदीदारावर नसते, नाकारल्याचं कळवलं की पुरे. म्हणून घाईघाईने पार्सल पाठवू नका. साइटचे परतीचे नियम तुम्ही खातं उघडताना मान्य केलेले असतात, ते काय सांगतात ते बघा, लेखी पत्ता येऊ द्या, मगच पाठवा. पाठवताना त्याच पत्त्यावर, विमा उतरवून, आणि खोकं बंद करतानाचा व्हिडिओ करून. कॅमेऱ्याचा नंबर त्या व्हिडिओत दिसला पाहिजे, नाहीतर ‘हा माझा कॅमेराच नव्हे’ हे पुढचं वाक्य ठरलेलं.

आणि हो, संदेश पाठवायच्या आधी साइटवर दाव्याची मुदत किती आहे ते वाचा. प्रत्येकाची वेगळी असते. ईबेवर पार्सल मिळाल्यापासून ३० दिवस असतात, आणि विक्रेत्याने ‘परत घेत नाही’ लिहिलेलं असलं तरी वर्णनाप्रमाणे नसलेल्या वस्तूला साइटची पैसे परत करण्याची हमी लागू होते. त्याची भारतातली साइट मात्र २०१८ मध्ये बंद झाली. तुमच्या साइटची मुदत चौदा दिवसांची असेल तर तीन दिवस विक्रेत्याची वाट बघण्यात अर्थ नाही, दावा आणि संदेश एकाच दिवशी टाका.

विक्रेता ‘साइटवर तक्रार करू नका’ म्हणतो त्याचं कारणही हेच. तक्रार नसेल तर मुदत सरते, आणि चांगला शेरा मिळाला की तुम्ही समाधानी होतात याचा पुरावा त्याच्या हातात येतो. पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय शेरा नाही आणि दावा मागे घेणंही नाही. क्यूआरचं तर अजिबात नको. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तुम्ही साइटवर पैसे भरलेत, तर परतावाही साइटवरूनच, त्याच वाटेने. चुकून कुठे पिन टाकला गेला आणि पैसे गेले, तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन. तो सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, तिथे उशीर महागात पडतो.

विक्रेता ऐकत नसेल तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं नियमांत आहे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा. ती साइटपर्यंत पोचवतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच खुर्ची हलते. नाहीच हलली तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. तरी १४,५०० साठी तिथवर जायचं का, हे तुमच्या चिकाटीवर आहे. माझा कल असा, की तिथे जायची तयारी आहे हे साइटला शांतपणे कळवायचं आणि महिनाभर थांबायचं.

शेवटच्या मिनिटांत एकच जण बोली चढवत होता, ते तुमच्या मनातून जात नाहीये, पत्रातून जाणवलं. विक्रेत्यानेच दुसऱ्या नावाने खोटी बोली लावली असेल तर कलम ६४ नुसार तो व्यवहार रद्द करायचा हक्क खरेदीदाराला आहे. पण सिद्ध कसं करणार? ती खाती कुणाची हे साइटलाच ठाऊक. तेव्हा साइटला वेगळा, दोन ओळींचा निरोप टाका की या बोलीदाराची तपासणी करा, आणि ते प्रकरण कॅमेऱ्याच्या दाव्यात मिसळू नका. तसंही लिलावात शेवटी दोघंच उरतात आणि दोघंही हट्टाला पेटतात. खरा दुसरा गिऱ्हाईक असणंही तितकंच शक्य आहे.

२,००० घ्यायचे की नाही? मी घेणार नाही. बुरशीने काचेवरचा थर खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतात, आणि शटर उघडून साफ करणारा जाणकार कारागीर गल्लोगल्ली मिळत नाही. पण थोडं थांबा, कारण याचं उत्तर कायद्यात नाही, नानांकडे आहे. त्यांना या कॅमेऱ्यात फिल्म घालायची आहे की तो हातात धरायचा आहे? या कॅमेऱ्याला लागणारी एकशेवीसची फिल्म आजही मिळते, महाग आहे, एका रोलला बारा फोटो. नानांना ते बारा फोटो काढायचे असतील तर हा कॅमेरा परतच करा. तो नुसता दिवाणखान्यात राहणार असेल आणि विक्रेता निम्मी किंमत सोडायला तयार असेल, तर ठेवून घ्यायलाही हरकत नाही. निम्मी म्हणजे निम्मी, तीही साइटवरून, लेखी.

म्हणून नानांना आजच सांगा. वाढदिवसाची गंमत जाईल, जाऊ द्या. ज्या माणसाने आयुष्य स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत काढलं, त्याच्या हाती जाळं धरलेली लेन्स तुम्ही वाढदिवसाला दिली असती, तर त्याने ती उजेडाकडे धरली असती आणि तुमच्याकडे बघून काहीच बोलला नसता. ते जास्त वाईट. छायाचित्रकार केकी मूस यांच्या गावात स्टुडिओ चालवलेल्या माणसाला लेन्स कशी बघायची हे माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं कळतं. ‘कितलाले?’ असं ते आधी विचारतील, आकडा ऐकून कपाळाला हात लावतील, आणि मग शटरचा आवाज कानाशी धरून नेमकं काय अडकलंय ते सांगतील. ते जसं सांगतील तसं लिहून घ्या आणि संदेशात घाला. पुरावा म्हणूनही ते चांगलं. पुढच्या खेपेला बोली लावताना त्यांनाच शेजारी बसवा, आणि विक्रेत्याला बोलीआधी विचारायला लावा: मागून उजेड टाकून लेन्सचा फोटो पाठवा, एक सेकंदाचा व्हिडिओ पाठवा. जो पाठवत नाही त्याच्याकडे बोली लावायची नाही.

आणि भाऊ, तो कॅमेरा सध्या कुठे ठेवलाय? कूलरच्या खोलीत असेल तर उचला तिथून, नाहीतर विक्रेत्याचं ते दमट हवेचं म्हणणं तुम्हीच खरं कराल.